यादीतील नाव

गेल्या महिन्यात जबलपूरहून एका वाचकांचे पत्र आले. पत्र दोन पानी, अक्षर वळणदार, आणि आरंभी ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ असा आता दुर्मिळ झालेला मायना. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा एकच प्रश्न असतो. या गृहस्थांनी दोन विचारले आहेत. पहिला असा की, २०२८ साली लॉस एंजेलिस येथे होणाऱ्या ऑलिंपिक स्पर्धेत आपल्या हॉकी संघाकडून सुवर्णपदकाची आशा कितपत धरावी? दुसरा प्रश्न त्यांनी पत्राच्या शेवटी, सहीच्या वर उरलेल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरात लिहिला आहे. त्यांचे चिरंजीव बारावीत आहेत आणि हाफबॅकच्या जागी चांगले खेळतात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने खेळावे, असे एका महाविद्यालयाने सुचविले आहे. तसे केल्यास पुढील वर्षी खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर प्रवेश मिळवून देऊ, असे तोंडी आश्वासनही मिळाले आहे. ‘मुलाची आई नको म्हणते, मुलगा हो म्हणतो, आणि मला काही सुचत नाही. आपले मत कळवावे.’

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे, कारण ते चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून आरंभ त्यापासून करतो.

आमच्या घरात हॉकी आली ती आजोबांकडून. १९७५ साली क्वालालंपूर येथे पाकिस्तानला २-१ असे हरवून आपण विश्वचषक जिंकला. अशोककुमार यांचा तो निर्णायक गोल आजोबांनी जसदेव सिंग यांच्या धावत्या वर्णनातून रेडिओवर ऐकला, आणि पुढे घरात इतक्या वेळा सांगितला की, माझ्या जन्मापूर्वी झालेला तो सामना मी प्रत्यक्ष पाहिला आहे असेच मला कित्येक वर्षे वाटत असे. त्यांचा दुसरा आवडता आकडा म्हणजे २४-१. १९३२ साली याच लॉस एंजेलिस नगरीत आपल्या संघाने अमेरिकेला या फरकाने हरविले होते. त्या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे अवघे तीनच संघ होते, हे मात्र आजोबा सांगत नसत. आणि पुढे मला ते वाचनात कळले तेव्हा मीही त्यांना त्याविषयी विचारले नाही.

लॉस एंजेलिसचे नाव निघाले की जुन्या मंडळींना २४-१ आठवते. १९८४ साल कोणाला आठवत नाही. त्या वर्षीही ऑलिंपिक तेथेच झाले, हॉकीचे सामने ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजच्या मैदानावर झाले, आणि आपण पाचवे आलो. तोपर्यंत हिरवळीची जागा कृत्रिम मैदानाने घेतली होती. १९७६ साली माँट्रिऑल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच अशा मैदानावर खेळली गेली आणि आठ वेळा सर्वोच्च ठरणाऱ्या परंपरेतला आपला संघ सातव्या स्थानी गेला. १९८० साली मॉस्कोत सुवर्ण मिळाले खरे, परंतु त्यानंतरचे पदक पाहण्यासाठी एकेचाळीस वर्षे थांबावे लागले. २०१२ साली लंडनला बारा संघांत आपला क्रमांक बारावा होता. या सर्व काळात हॉकीवर प्रेम करणारा माणूस म्हणजे घरातील मंडळींच्या कौतुकमिश्रित दयेचा विषय असे.

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीविरुद्ध १-३ असे मागे पडल्यावर आपण ५-४ असा विजय मिळविला, आणि ही दया संपली. पॅरिसला २०२४ साली पुन्हा कांस्य मिळाले. त्या स्पर्धेतील दोन सामने माझ्या मते पदकाहून मोलाचे होते. एक ऑस्ट्रेलियाविरुद्धचा, त्यांना ऑलिंपिकमध्ये आपण १९७२ नंतर प्रथमच हरविले. दुसरा ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सारा वेळ आपण दहा जणांनिशी खेळलो. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये आपण ४-२ असे जिंकलो. दहा माणसे अकरा माणसांची जागा भरतात तेव्हा प्रत्येकाला शेजाऱ्याच्या वाट्याची थोडी जमीन सांभाळावी लागते. संयुक्त कुटुंबात वाढलेल्यांना याचे मर्म अधिक सांगावयास नको.

आता आशेचा हिशेब. पॅरिसला आपण एकूण पंधरा गोल केले. त्यांपैकी दहा एकट्या हरमनप्रीत सिंग यांचे, आणि तेही पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोकवर. कर्णधाराच्या पराक्रमाला वंदन करूनही सांगितले पाहिजे की, एका मनगटावर उभा असलेला हा डोलारा आहे. प्रतिस्पर्ध्याने कॉर्नर दिलेच नाहीत, अथवा पहिल्या धावपटूने ड्रॅग-फ्लिकची वाट अडविली, की आपली आघाडीची फळी वर्तुळात शिरून काय करते हे पाहावे लागते. आणि तेथेच आपण उणे पडतो. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपातील सामन्यांत आपण सलग सात पराभव पत्करले. बहुतेक थोडक्यात झाले होते. पण थोडक्यात हरण्याचीही सवय लागते. सप्टेंबरात मात्र राजगीर येथे अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ असे हरवून आपण आशिया चषक जिंकला, २०२६च्या विश्वचषकातील प्रवेश पक्का केला, आणि त्या सामन्यातील मैदानी गोल पाहून मला पुन्हा उमेद आली. श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाले. राजगीरच्या संघात कृष्ण पाठक आणि मुंबईचे सूरज करकेरा हे गोलरक्षक होते. चिंता मला गोलरक्षकांची नाही. जर्मनी आणि नेदरलंड्स यांच्या बचावफळीतून चालत्या खेळात गोल काढणारे दोन खेळाडू लॉस एंजेलिसपर्यंत तयार झाले, तर सुवर्णाची भाषा करावी; न झाले, तर पुन्हा कांस्यासाठी झुंजावे लागेल. २०२५च्या डिसेंबरात कनिष्ठ विश्वचषकात कांस्य मिळविणाऱ्या मुलांत असे कोणी असावेत, असा माझा भरवसा आहे. भक्ताला भरवसा फुकट मिळतो. महिलांच्या संघाविषयीही याच पत्राच्या निमित्ताने लिहावयास हवे होते. टोकियोत चौथ्या आणि पॅरिसला अनुपस्थित, या दोन टोकांतले अंतर एका परिच्छेदात मावणारे नाही, म्हणून तो विषय स्वतंत्र लेखासाठी ठेवतो.

येथवर पहिला प्रश्न झाला.

या कार्यालयात माझ्याकडे जी अनेक किरकोळ कामे आहेत, त्यांपैकी एक संघांच्या याद्यांचे. यादी इंग्रजीतून येते आणि ती नावे देवनागरीत लिहावी लागतात. ऑलिंपिकच्या हॉकी संघात सोळाच खेळाडू असतात; विश्वचषकासाठी अठरा. सोळा ही संख्या फार क्रूर आहे. देशभर ज्या शेकडो मुलांनी वर्षानुवर्षे पहाटे उठून मैदान गाठले, त्यांची गाळणी होत होत शेवटी सोळा ओळी उरतात. म्हणून एखाद्या नावाची वेलांटी चुकू नये यासाठी मी हिंदी आवृत्तीच्या सहकाऱ्यांना दोनदोनदा विचारतो. ते हसतात. त्या नावाच्या गावी कोणीतरी ती ओळ कात्रीने कापून ठेवणार आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. कसे ठाऊक आहे ते पुढे सांगतो.

२००८ साली मी महाविद्यालयात होतो. त्या वर्षी मार्चमध्ये चिलीतील सांतियागो येथे ग्रेट ब्रिटनने आपल्याला २-० असे हरविले आणि १९२८ पासून अखंड चाललेली आपली ऑलिंपिकची वारी खंडित झाली. बीजिंगला आपला संघ नव्हताच. पुढच्याच महिन्यात एका दूरचित्रवाणी वाहिनीने गुप्तपणे केलेले चित्रीकरण दाखविले. त्यात भारतीय हॉकी महासंघाचे तत्कालीन सचिव एका खेळाडूच्या निवडीसाठी पैसे स्वीकारताना दिसत होते. सचिवांनी राजीनामा दिला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघ निलंबित केला. हे सर्व अनेकांना स्मरत असेल. त्या चित्रीकरणासाठी वाहिनीच्या माणसांनी ज्या खेळाडूचे नाव पुढे केले होते, तो वाराणसीचा ललित उपाध्याय नावाचा किशोरवयीन मुलगा होता, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी राहिले. त्याला या व्यवहाराची गंधवार्ताही नव्हती. कोणी त्याच्यासाठी पैसे देत आहे, कोणी घेत आहे, आणि तो आपला वाराणसीत खेळतो आहे! दुसऱ्या दिवसापासून मात्र पैसे देऊन संघात शिरू पाहणारा मुलगा, अशी त्याची ओळख झाली. खेळ सोडून द्यावा असे त्याच्या मनात येऊन गेले. अशा वेळी त्याला एअर इंडियाच्या संघात खेळण्याची संधी देणारे गृहस्थ म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले आपले धनराज पिल्ले. ललित उपाध्याय यांना विश्वचषकाच्या संघात स्थान मिळावयास २०१४ साल उजाडले. पुढे टोकियो आणि पॅरिस ही दोन्ही कांस्यपदके त्यांच्या गळ्यात पडली, आणि २०२५ साली ते आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्त झाले. मधल्या सहा वर्षांचा हिशेब कोणी कोणाकडे मागावयाचा?

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना पुन्हा लॉस एंजेलिसलाच जावे लागते. तेथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ नावाचे मोठे खाजगी विद्यापीठ आहे. अमेरिकेतील अशा विद्यापीठांत प्रत्येक खेळाच्या प्रशिक्षकाला आपल्या संघासाठी काही विद्यार्थ्यांची नावे सुचविता येतात, आणि त्या नावांना प्रवेशाचा दरवाजा बराच सैल असतो. मार्च २०१९ मध्ये बॉस्टन येथील सरकारी वकिलांनी पन्नास जणांवर आरोप ठेवले तेव्हा जगाला कळले की, या दरवाजाची किल्ली कित्येक वर्षे विकली जात होती. धनिक पालकांकडून एक मध्यस्थ पैसे घेई. काही ठिकाणी परीक्षेतील गुण वाढवून देई आणि काही ठिकाणी प्रशिक्षकांना लाच देऊन, ज्यांनी तो खेळ कधी खेळलाच नव्हता अशा मुलामुलींची नावे खेळाडूंच्या यादीत घालवी. एका प्रसिद्ध अभिनेत्रीच्या दोन कन्यांची छायाचित्रे व्यायामशाळेतील वल्ही मारण्याच्या यंत्रावर बसवून काढली होती, आणि त्यांना नौकास्पर्धेतील सुकाणूधारक म्हणून दाखविले होते. दुसऱ्या एका मुलाचे मुंडके खऱ्या खेळाडूच्या धडावर चिकटविले होते. २०११ ते २०१८ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर या मध्यस्थाच्या हाती आले. २०२३च्या जानेवारीत त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिडाच्या नौकांच्या प्रशिक्षकाने. त्याने लाचेतील एक पैसाही स्वतःच्या खिशात घातला नव्हता. सर्व रक्कम विद्यापीठाच्या नौकानयन विभागासाठी घेतली गेली. न्यायालयाने त्याला एकाच दिवसाची कैद दिली आणि तीही भोगून झाल्याचे मानले. तथापि नोकरी गेली ती गेलीच, आणि नावामागे गुन्हा लागला तो लागलाच. ‘मी माझ्यासाठी काही केले नाही, संस्थेसाठी केले’ हे वाक्य वाचनात आले की मला आमच्या सरांची आठवण होते.

आमचे महाविद्यालय पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी होते. त्याचे नाव सांगत नाही. मी तेथे राखीव गोलरक्षक होतो. म्हणजे पॅड बांधून बाकावर बसणे आणि मध्यंतरात पाण्याची बादली आणणे ही माझी कामगिरी. माझ्या अंगी गुण एकच, अक्षर चांगले. शारीरिक शिक्षणाचे सर स्पर्धेचा प्रवेशअर्ज मला भरावयास देत. त्यात खेळाडूचे नाव, जन्मतारीख, वर्ग, हजेरी क्रमांक असे रकाने असत. शेजारी छायाचित्र चिकटवावयाचे, आणि त्यावर प्राचार्यांचा शिक्का असा मारावयाचा की तो अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर उमटेल. एकाचे छायाचित्र काढून दुसऱ्याचे लावता येऊ नये, म्हणून ही योजना.

त्या वर्षी विभागीय स्पर्धा आमच्याच गावी होती. संघ बरा होता, पण गोल करणारे कोणी नव्हते. सरांनी एका कारखान्याच्या संघातील पंचविशीतला सेंटर फॉरवर्ड बोलावून आणला. त्याला नाव हवे होते. आमच्यात डोंगराकडच्या एका खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा मुलगा होता. कॅनव्हासच्या बुटांनी खेळे, पळे छान, पण पायांत चेंडू अडके. माझ्यासारखाच राखीव. सर मला म्हणाले, “याचे नाव तसेच लिही, छायाचित्र मात्र मी देतो ते लाव.” मी लिहिले. खळ लावून त्या पाहुण्याचे छायाचित्र चिकटविले. शिक्का अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे असा अगदी नियमाप्रमाणे बसला.

मला काही वाटले नाही, असे म्हणणे खोटे होईल. पण जे वाटले ते फार थोडे होते आणि फार लवकर विरले. सरांचा यात कसलाच लाभ नव्हता. उलट पाहुण्याच्या जेवणाखाण्याचा खर्च ते पदरचा करीत होते. महाविद्यालयाचे नाव व्हावे एवढीच त्यांची इच्छा. आणि आम्हांला ढाल हवी होती.

अंतिम सामना आम्ही ४-१ असा जिंकला. त्यांतील तीन गोल पाहुण्याचे. प्रत्येक गोलानंतर ध्वनिक्षेपकावरून त्या मुलाचे नाव पुकारले जाई. तो मुलगा त्या वेळी मैदानाबाहेर, आमच्या बाकामागे, इतर विद्यार्थ्यांत उभा होता. पहिल्या गोलाला मुलांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि सारे हसले, तोही हसला. दुसऱ्यालाही हसला. तिसऱ्या गोलाच्या वेळी मी मागे वळून पाहिले. तो टाळ्या वाजवीत होता, पण त्याचे डोळे मैदानाकडे नव्हते, ध्वनिक्षेपकाच्या खांबाकडे होते.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात बातमी आली. तीन गोल, आणि त्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. गावच्या शिक्षकांनी ती त्याच्या वडिलांना वाचून दाखविली. वडिलांनी कात्रण कापून घेतले, पिठाच्या खळीने घराच्या भिंतीवर लावले, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलाला भेटावयास वसतिगृहावर आले तेव्हा सर्वांसाठी भाजलेल्या शेंगा आणल्या. मीही त्या खाल्ल्या. वडिलांनी त्याला एकच विचारले: पुढचा सामना कधी आहे, म्हणजे आम्हांला येता येईल.

त्यानंतर तो मैदानावर आला नाही. अभ्यासाचे कारण सांगितले. संघातील जागा पैशाने विकली गेली नव्हती, कोणी कोणाला धमकावले नव्हते, कोणतीही चौकशी झाली नाही, आणि ती ढाल त्या महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात अजूनही असावयास हरकत नाही. पुष्कळ वर्षांनी तो मला एस.टी.च्या स्थानकावर भेटला. खताच्या दुकानात नोकरीला होता. घरच्यांची विचारपूस झाली. वडील वारले होते. कात्रण भिंतीवर पिवळे पडले होते, पण आई ते काढू देत नव्हती. मी धीर करून म्हणालो की, तो अर्ज मी भरला होता. त्याला ठाऊक होते. तो हसून म्हणाला, “अक्षर मात्र छान होतं तुझं.” तेवढ्यात त्याची गाडी लागली.

जबलपूरच्या गृहस्थांना मी हे सर्व लिहिले आहे. अशा प्रकरणांत काय होते ते नियमांच्या अंगाने सांगणेही अवश्य होते: तोतया खेळाडू उघडकीस आला तर संघ बाद होतो, खेळाडूवर बंदी येते, आणि आश्वासन देणाऱ्या संचालकांच्या हाती मग काहीच राहत नाही. तोंडी आश्वासनाला पाठीशी कागद नसतो, हेही लिहिले. पण नियमांची भीती घालून मी थांबलो असतो तर ते पत्र अप्रामाणिक ठरले असते. कारण पुष्कळदा काहीच उघडकीस येत नाही, हे मला स्वानुभवाने माहीत आहे. म्हणून त्यांना एवढेच विचारावयास सांगितले की, ज्याच्या नावाने आपले चिरंजीव खेळणार आहेत, तो मुलगा कोण? त्याला विचारले आहे काय? तो त्या दिवशी कोठे उभा राहणार?

आणखी एक गोष्ट लिहिली, ती त्यांच्याच प्रदेशातील आहे. इटारसीजवळच्या एका खेड्यातील शिक्षकाचा मुलगा अकोल्यास एका स्पर्धेत खेळावयास आला होता. तेथे अशोककुमार यांची दृष्टी त्याच्यावर पडली. होय, तेच, आजोबांच्या रेडिओवरचे. ध्यानचंद यांचे चिरंजीव. त्यांनी त्याला भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीची वाट दाखविली. तो मुलगा म्हणजे विवेक सागर प्रसाद. टोकियो आणि पॅरिस दोन्ही ठिकाणी आपल्या मधल्या फळीत खेळलेला. अकोल्याच्या त्या मैदानावर तो दुसऱ्या कोणाच्या नावाने उतरला असता, तर अशोककुमार यांनी कोणाची चौकशी केली असती? त्या चौकशीला कोण उभा राहिला असता?

मध्य प्रदेशात मुलांसाठी भोपाळ आणि मुलींसाठी ग्वाल्हेर येथे हॉकीच्या अकादमी आहेत. निवड चाचणीची चौकशी जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात होते. ती चाचणी कठीण असते, वयाचे दाखले काटेकोर पाहिले जातात, आणि चांगल्यातली चांगली मुले परत पाठविली जातात. चिरंजीवांची निवड होईल असे मी लिहू शकलो नाही. महाविद्यालयाच्या राखीव जागेचे दार बंद झाले तर दुसरे उघडेलच, असेही लिहिले नाही. मुलाच्या आईंना नमस्कार मात्र आवर्जून कळविला.

पत्र टपालात टाकून तीन आठवडे झाले. काल त्यांचे उत्तर आले. यंदा सामन्यांच्या वेळी चिरंजीव मामांकडे नागपूरला जाणार असल्याचे त्यात एका ओळीत कळविले आहे. बाकी सारे पत्र हॉकीविषयी आहे. हरमनप्रीत सिंग यांच्यानंतर पेनल्टी कॉर्नर मारावयाचा कोणी, असा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढील अंकी.